आयफोन १६ई घेऊ का? आधी घरातली भिंत मोजा

नमस्कार मंडळी! "ताई १६ई वर व्हिडिओ कधी", "ताई १६ई की पिक्सेल ९ए", हे वाचून वाचून माझे डोळे गेले. घ्या, आज करतेय. फोन माझा नाही, धाकट्या भावाचा आहे, त्याच्याकडून दोन आठवडे उसना आणलाय आणि तो रोज फोन करून विचारतोय की स्क्रॅच नाही ना पडला. नाही पडला रे बाबा.

बेसिक गोष्टी पटकन उरकते, कारण त्या तुम्ही दहा ठिकाणी ऐकल्यात. फेब्रुवारी २०२५ मध्ये आला, तेव्हा किंमत ५९,९००, त्यात १२८ जीबी. ६.१ इंचाचा ओलेड डिस्प्ले, वर जुना नॉच म्हणजे ती काळी खाच, ए१८ चिप म्हणजे आयफोन १६ चीच, फक्त ग्राफिक्सचा एक कोर कमी. बीजीएमआय, तो गोळीबाराचा गेम, चालतो का? चालतो हो! प्रत्येक व्हिडिओखाली हाच प्रश्न, उद्या मी मिक्सरचा रिव्ह्यू केला तरी कुणीतरी विचारेल. डिस्प्ले ६० हर्ट्झ आहे, म्हणजे चित्र सेकंदाला ६० वेळा बदलतं, गूगलचा पिक्सेल ९ए लाँचला ४९,९९९ चा होता तरी १२० देतो आणि वर २५६ जीबी स्टोरेज देतो. लाज वाटायला पाहिजे, पण खरं सांगू, माझ्या आईला दोन्ही फोन हातात दिले तर तिला फरक कळला नाही, मला कळला आणि मग दिवसभर तोच दिसत राहिला.

आता ज्यासाठी बसलेय ते. मागे कॅमेरा एकच आहे. एकच! "पण ताई ४८ मेगापिक्सेल आहे ना" असं लगेच टाईप करू नका. मेगापिक्सेल म्हणजे फोटोत बारकावे किती, आणि मी बोलतेय ते चौकटीत माणसं किती मावतात त्याबद्दल. ह्या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नाही. ४८ मेगापिक्सेलचा फायदा असा की मधला तुकडा कापून टू एक्स झूम चांगला मिळतो, म्हणजे तुम्ही जवळ जाऊ शकता. लांब नाही जाऊ शकत. लांब जायला पाय लागतात, आणि पायांना जागा लागते.

तर झालं असं, मावसबहिणीच्या मुलीचं बारसं, डोंबिवलीत, वन बीएचके. पाळण्याभोवती अकरा बायका, आजी मध्ये. मी हा फोन घेऊन मागे मागे मागे, पाठ टेकली फ्रीजला, तरी डावीकडची काकू आणि उजवीकडची आत्या बाहेरच. शेवटी स्वयंपाकघरात ओट्याला टेकून काढला तर दाराची चौकट फोटोत आली. मग भाच्याने खिशातून आपला साधा अँड्रॉइड काढला, पॉइंट फाईव्ह, म्हणजे जास्त रुंद दाखवणाऱ्या अल्ट्रावाइड लेन्सचं बटण, दाबलं आणि जागेवरून सगळ्या अकरा जणी, वर पंखासुद्धा. काकू अजून माझ्याशी नीट बोलत नाहीये.

ह्यावर मागच्या शॉर्टखाली तीन प्रकारच्या कमेंट आल्या. पहिली, "पॅनोरमा काढायचा ना." अहो, पॅनोरमा म्हणजे फोन फिरवत तुकडे जोडणं, तोपर्यंत कुणीही हलायचं नाही. बारशात? काढला मी, एका मामीला दीड हात आलाय. कार्ल्याला एकवीरेच्या दर्शनाला गेलो तेव्हा शेजारच्या लेण्यातल्या चैत्यगृहात मात्र तो बरा आला, कारण खांब हलत नाहीत. दुसरी कमेंट, "पुढच्या अपडेटमध्ये येईल." नाही येणार! पॉइंट फाईव्ह ही काच आहे, वेगळी लेन्स, वेगळा सेन्सर, ती फोनात बसवलेलीच नाही. सॉफ्टवेअर काच उगवू शकत नाही. तिसरी, "क्लिपवाली लेन्स मिळते स्वस्तात." मिळते, मी घेतली, कडेची माणसं लांबट झाली आणि क्लिप गणपतीच्या ताटात पडली.

आणि हे फक्त ग्रुप फोटोचं नाही. आयफोन १६ मध्ये अगदी जवळून मॅक्रो काढता येतो ना, तोही त्याच अल्ट्रावाइड लेन्समुळे. म्हणजे १६ई मध्ये ती लेन्सही गेली आणि मोगऱ्याची कळीही गेली. पिक्सेल ९ए मध्ये १३ मेगापिक्सेलचा अल्ट्रावाइड आहे, सॅमसंगच्या एस२४ एफई मध्ये, तोही ५९,९९९ ला आला होता, अल्ट्रावाइड आणि वर तीन पट झूमची वेगळी लेन्स आहे. म्हणून मला राग येतो.

"ताई तुम्ही अँड्रॉइडवाल्या." बरं, मग चांगलं ऐका. बॅटरी भन्नाट आहे. ॲपलचा स्वतःचा पहिला मोडेम, म्हणजे नेटवर्क सांभाळणारी चिप, सी१, ह्याच फोनात आला, तो वीज कमी खातो. कंपनी व्हिडिओ प्लेबॅक २६ तास सांगते, आयफोन १६ ला २२. कल्याण ते सीएसएमटी लोकल, रेंज येते जाते, दिवसभर व्हॉट्सॲप, आणि रात्री घरी येईपर्यंत मला चार्जर शोधावा लागला नाही. अर्थात चार्जर बॉक्समध्ये नसतोच, फक्त केबल. मॅगसेफ, म्हणजे चार्जर चिकटवणारं पाठीतलं चुंबक, पण नाही, चुंबकवालं कव्हर लावलंत तर फोन गाडीत चिकटेल पण वायरलेस चार्जिंग साडेसात वॉटवरच राहणार.

मग कुणी घ्यावा? ज्यांच्याकडे जुना आयफोन एसई आहे, आयमेसेज-फेसटाईम सोडायचं नाही, फोटोत एकच मूल किंवा एकच मांजर असते, त्यांनी घ्या, पण सेलमध्ये. आयफोन १६ लाँचला ७९,९०० चा होता, सेलमध्ये तो बराच खाली येतो, फरक दहा हजारांच्या आत आला की डोळे झाकून १६. आणि आयफोनच पाहिजे असा हट्ट नसेल तर माझे पैसे पिक्सेल ९ए ला गेले असते, सात वर्षं अपडेट आहेत. फास्ट चार्जिंगवाले लोक वनप्लस १३आर कडे जा, ८० वॉट, तिकडे मी वाद घालणार नाही.

आणि हो, "ताई आज एवढ्या जवळ का दिसताय" असं कुणीतरी विचारणारच. हा व्हिडिओ ह्याच फोनवर चाललाय. ट्रायपॉडच्या मागे भिंत आहे.