कॉब्लर झाला की नाही, फळाकडे बघून ठरवा

नमस्कार मंडळी. आज कॉब्लर. बेरी भरपूर मिळतात त्या उन्हाळ्याच्या दिवसांत करायचा एकदम साधा प्रकार आहे, खाली रसरशीत फळं, वर पिठाचे ओबडधोबड गोळे, भांडं सरळ ओव्हनमध्ये आणि झालं की चमच्याने वाढायचं. लाटायचं नाही, कापायचं नाही, केक फुगेल की बसेल ही धाकधूक पण नाही. आणि तरीही बऱ्याच जणांचा कॉब्लर बिघडतो, आणि बिघडतो तो ठरलेल्या दोन प्रकारे, एक तर खाली सगळं पाणी पाणी, नाहीतर वरून मस्त तांबूस आणि चमचा खुपसला की आतून कच्चा चिकट गिचका. दोन्हीचं कारण बहुतेक वेळा एकच असतं. वरचा रंग बघितला, घरभर वास सुटला, आणि झाला म्हणून बाहेर काढला. आता रंग काय, तो लवकर येतोच. खालचं फळ शिजलंय का ते कोण बघणार?

तर आधी फळाचं बोलू. स्ट्रॉबेरी, ब्लूबेरी, रास्पबेरी, ब्लॅकबेरी, काहीही चालतं, एकत्र केली तर अजून छान लागतं, पण ही सगळी फळं म्हणजे मुळात पाणी आहे हे डोक्यात ठेवा. स्ट्रॉबेरीत साधारण 91 टक्के पाणी, ब्लूबेरीत 84 च्या आसपास, बाकीच्या दोन्ही मधे कुठेतरी. म्हणजे 800 ग्रॅम बेरी घेतल्या की भांड्यात अर्ध्या लिटरच्या वर पाणी गेलंच समजा, फक्त ते अजून दिसत नाहीये. उष्णता लागली की फळाच्या पेशी फुटतात आणि सगळं बाहेर येतं. कॉब्लर करणं म्हणजे अर्धं काम त्या रसाचं काय करायचं हेच आहे.

धुवायच्या त्या अगदी करायच्या आधी धुवा, आणून लगेच धुवून ठेवल्या तर लवकर बुरशी धरते. स्ट्रॉबेरीचा हिरवा देठ धुतल्यावर काढा, आधी काढला तर खाचेतून पाणी आत शिरतं. ब्लूबेरीवर पांढरट थर दिसतो तो फळाचा स्वतःचा मेणासारखा थर आहे, कसली पावडर वगैरे नाही, त्यामुळे चोळत बसू नका. धुतल्यावर कापडावर पसरून कोरड्या करा. रास्पबेरी फार नाजूक असते, तिला भांड्यात सगळ्यात शेवटी घाला आणि ढवळू नका, नाहीतर तिचा लगदाच होतो.

साधारण 20 सेंटिमीटर चौकोनी, दोन लिटर मावेल असं भांडं असेल तर 800 ग्रॅम बेरी घ्या. त्याला 100 ग्रॅम साखर, दोन टेबलस्पून कॉर्नफ्लोअर, एक टेबलस्पून लिंबाचा रस आणि चिमूटभर मीठ. फळ आंबट असेल तर साखर वाढवा, एक बेरी चाखून बघा की, त्यात काय एवढं. कॉर्नफ्लोअर मात्र थेट ओल्या फळांवर टाकू नका, आधी साखरेत कोरडंच मिसळा, साखरेच्या दाण्यांमुळे पिठाचे कण एकमेकांपासून सुटे राहतात आणि गुठळ्या होत नाहीत. मग ते फळांवर भुरभुरवा आणि हलक्या हाताने वरखाली करा.

हे कालवून ठेवून देऊ नका, साखर लागली की फळ पाणी सोडायला लागतं. स्ट्रॉबेरी जास्त असतील तर मी याचाच उलट फायदा घेतो, साखरेत अर्धा तास ठेवतो, सुटलेला रस गाळून पॅनमध्ये निम्मा होईपर्यंत आटवतो, आणि मग तो घट्ट रस गार करून परत फळांत. थोडं काम वाढतं हे खरं, पण स्ट्रॉबेरीला पेक्टिन, म्हणजे फळाचा रस दाट करणारा घटक, कमी असतं, ती स्वतःहून दाट होत नाही, आणि नुसतं कॉर्नफ्लोअर वाढवत गेलात तर खाताना पिठूळ लागतं. वेळ नसेल तर स्ट्रॉबेरीसाठी तीन टेबलस्पून कॉर्नफ्लोअर घाला आणि पुढे चला.

फ्रोजन बेरीने पण कॉब्लर छान होतो, उगाच कमीपणा मानू नका. फक्त त्या वितळवू नका, वितळवल्या की रंग आणि रस सगळा तळाशी जाऊन बसतो. गोठलेल्याच साखरेत घोळवा, कॉर्नफ्लोअर अर्धा टेबलस्पून जास्त घ्या आणि पंधरावीस मिनिटं जास्त वेळ धरा.

भांडं काचेचं किंवा सिरॅमिकचं बरं. उघड्या अ‍ॅल्युमिनियमचं किंवा साध्या लोखंडाचं नको, बेरीतलं आम्ल धातूला लागतं आणि चव बिघडते. आणि काचेचं भांडं फ्रीजमधून काढून थेट तापलेल्या ओव्हनमध्ये ठेवू नका, तडकू शकतं.

आता मुख्य मुद्दा, मंडळी, जरा लक्ष देऊन ऐका. कॉर्नफ्लोअर नुसतं गरम झालं म्हणून काम करत नाही. साधारण 65 ते 70 अंशांना त्याचे कण पाणी पिऊन फुगायला लागतात, पण रस पूर्ण दाट व्हायला तो जवळजवळ उकळीपर्यंत जावा लागतो, 95 अंशांच्या आसपास. तिथपर्यंत पोचला नाही तर रस पातळ तर राहतोच, वर गढूळ पांढुरका दिसतो आणि जिभेवर कच्चं पीठ जाणवतं. शिजल्यावर तोच रस पारदर्शक आणि चकचकीत होतो, फरक नुसत्या डोळ्यांना कळतो, थर्मामीटर लागत नाही. आणि भांड्याच्या कडा आधी तापतात, मधला भाग सगळ्यात शेवटी. म्हणजे कडेला बुडबुडे आले हे काही झाल्याचं लक्षण नाही. मधोमध, गोळ्यांच्या फटीतून, रस खदखदताना दिसला पाहिजे. सुरुवातीचे बुडबुडे बारीक, भराभर येणारे, फेसाळ असतात, ते पाण्याचे. नंतर ते मोठे होतात, जड होतात, सावकाश फुटतात. असे जाड बुडबुडे मधोमध यायला लागले की अजून तीनचार मिनिटं द्या आणि मगच काढा.

आता कोणीतरी म्हणेल तोपर्यंत वरचं जळेल की. बरोबर आहे, म्हणूनच मी दोन टप्प्यांत करतो. ओव्हन 190 अंशांना तापवायचा, पंखावाला असेल तर 170, आणि आधी नुसती फळं आत, पंधरा मिनिटं. कडेने रस सुटायला लागला, फळं चांगली गरम झाली, की भांडं बाहेर काढून त्यावर पिठाचे गोळे टाकायचे आणि परत आत. गार फळांवर गार पीठ ठेवलं तर गोळ्याची खालची बाजू कितीतरी वेळ थंड ओल्या रसात बसून राहते, वरून भाजलं जातं आणि खालून होतच नाही, तो गिचका येतो तो इथून. गरम फळांवर ठेवलं की खालून लगेच वाफ मिळते आणि दोन्ही बाजू बरोबरीने शिजतात. बऱ्याच रेसिपींमध्ये सगळं एकदम आत घालतात, होतं तसंही, नाही म्हणत नाही, पण मला यात भरवसा जास्त वाटतो.

वरच्या पिठासाठी 150 ग्रॅम मैदा, 40 ग्रॅम साखर, दीड टीस्पून बेकिंग पावडर, पाव टीस्पून मीठ, 75 ग्रॅम बटर आणि साधारण 120 मिली गार दूध, दुधाऐवजी क्रीम घेतलं तर अजून मऊ होतं. बटर फ्रीजमधलं कडक पाहिजे. त्याचे तुकडे करून मैद्यात बोटांच्या टोकांनी चोळा, तळव्यांनी नाही, तळवे गरम असतात आणि बटर वितळतं. सगळं एकजीव करायचं नाहीये, मधेमधे वाटाण्याएवढे तुकडे राहिलेच पाहिजेत, कारण बटरमध्ये सुद्धा पंधरा-सोळा टक्के पाणी असतं, ते ओव्हनमध्ये वाफ होतं आणि जिथे तुकडा होता तिथे पोकळी राहते, खुसखुशीतपणा त्यातून येतो.

इथपर्यंतची तयारी फळं आत जायच्या आधी करून वाडगा फ्रीजमध्ये ठेवून द्या. दूध मात्र फळं बाहेर काढायच्या अगदी आधी घाला, कारण बेकिंग पावडर ओली झाली की कामाला लागते, थोडा गॅस तिथेच सोडते आणि बाकीचा ओव्हनच्या उष्णतेत. तुम्ही पीठ भिजवून फोनवर बोलत बसलात तर पहिला गॅस वाया. दूध घातल्यावर काट्याने सातआठ वेळा फिरवा, कोरडं पीठ दिसेनासं झालं की थांबा. अजिबात मळायचं नाही. मळलं की ग्लुटेन तयार होतं आणि गोळे चामट होतात. पीठ खडबडीत, चिकट, जरा बावळट दिसतं, दिसू दे.

चमच्याने घ्या आणि फळांवर टाका, लिंबाएवढे आठनऊ गोळे, मधे फटी ठेवून. सगळा पृष्ठभाग लिंपून टाकायचा मोह होतो, तो आवरा, वाफेला बाहेर जायला जागा लागते आणि मघाशी सांगितलेले बुडबुडे तुम्हाला दिसणार कुठून. वर थोडी जाड साखर भुरभुरली तर कुरकुरीत पापुद्रा येतो. खालच्या कप्प्यात एक ट्रे ठेवा, रस उतू जातो म्हणजे जातोच, आणि ओव्हनच्या तळाशी जळलेली साखर घासणं हा काही सुट्टीचा कार्यक्रम नव्हे.

मग अजून पंचवीस ते तीस मिनिटं. रंग लवकर आला आणि मधे अजून खदखद नाही, तर वर अ‍ॅल्युमिनियम फॉइल सैलसर ठेवा आणि चालू द्या. शंका असेल तर मधला एक गोळा चमच्याने जरा उचलून खाली डोकावून बघा, एक गोळा मोडला तर कॉब्लरचं काही बिघडत नाही, तो तसाही ओबडधोबडच असतो.

दुधाऐवजी ताक घातलं तर चव छान येते, त्यासोबत पाव टीस्पून खायचा सोडा लागतो आणि बेकिंग पावडर एक टीस्पूनवर आणा. फक्त सोडा जास्त झाला, नीट मिसळला नाही, तर ब्लूबेरीचा रस लागलेल्या ठिकाणी पीठ हिरवट-निळं दिसू शकतं. घाबरू नका, खराब झालेलं नसतं. बेरीतला अँथोसायनिन नावाचा रंग आम्लात लालसर आणि अल्कलीत निळा-हिरवा होतो, एवढंच. लिंबाचा रस घातल्यावर फळं जास्त लाल दिसतात ते पण याचमुळे.

अजून एक प्रकार आहे, ज्यांना बटर चोळायचा कंटाळा आहे त्यांच्यासाठी. भांड्यात 110 ग्रॅम बटर वितळवायचं, त्यावर एक कप मैदा, एक कप साखर, एक कप दूध, दीड टीस्पून बेकिंग पावडर आणि चिमूटभर मीठ यांचं पातळ मिश्रण ओतायचं, ढवळायचं नाही, आणि वर दोन कप फळं पसरायची. ओव्हनमध्ये पीठ फुगून फळांच्या वर येतं. 180 अंशांना पाऊण तास धरा. हा गोड जास्त, केकच्या जवळचा, कडा मात्र काय लागतात! अमेरिकेच्या दक्षिणेकडे हा फार लोकप्रिय आहे. मला स्वतःला गोळ्यांचा आवडतो, फळ जास्त आणि पीठ कमी म्हणून.

आणि ओव्हनच नाही म्हणणाऱ्यांसाठी. कॉब्लर मूळचा अमेरिकेतला, 19व्या शतकात तिकडे प्रवासात आणि शेतघरांवर जाड लोखंडी भांड्यात करायचे, खाली निखारे, झाकणावर निखारे. न्यू इंग्लंडमध्ये याचाच एक भाऊ आहे, ग्रंट, त्यात फळं गॅसवर उकळतात, वर तेच पिठाचे गोळे टाकून घट्ट झाकण लावतात आणि मंद आचेवर पंधरावीस मिनिटं वाफवतात. वरून खरपूस होत नाही, मऊ लुसलुशीत होतं, पण चवीला कमी नाही. मधेच झाकण उघडून बघायचं नाही, वाफ गेली की गोळे बसतात.

बाहेर काढल्यावर कमीत कमी अर्धा तास थांबा. थांबवत नाही, मान्य, पण रस कोमट होताना आणखी दाट होतो, गरम गरम वाढला तर वाटीत पातळच दिसणार आणि तुम्ही उगाच कॉर्नफ्लोअरला दोष देणार. बरोबर व्हॅनिला आइस्क्रीम किंवा नुसतं गार, न फेटलेलं क्रीम. उरलाच तर पूर्ण गार करून, झाकून फ्रीजमध्ये ठेवा आणि दोनतीन दिवसांत संपवा. परत गरम करताना मायक्रोवेव्ह नको, गोळे ओले पडतात, 160 अंशांच्या ओव्हनमध्ये पंधरा मिनिटं ठेवा, पहिली दहा मिनिटं फॉइल झाकून आणि शेवटची पाच उघडं.