चोराच्या पाठीवरची वेल: फुरोशिकीची नक्षी

हिरवं कापड आणि त्यावर पांढऱ्या रंगात गोल गोल वळत गेलेली वेल, जपानमध्ये हे कुणालाही दाखवा, त्याला आधी चोरच आठवेल. कॉमिक्समध्ये चोर रंगवायचा म्हटला की पाठीवर ह्याच कापडाचं बोचकं असतं. ह्या कापडाला म्हणतात फुरोशिकी, सामान बांधायचं चौकोनी कापड.

बिचारी वेल! खरं तर ती अगदी शुभ. तिला म्हणतात काराकुसा, सिल्क रूटवरून फिरत फिरत जपानपर्यंत आलेली नक्षी, आणि वेल कशी न थांबता पसरतच जाते, तसं आयुष्य वाढो, घराणं वाढो असा तिचा अर्थ. म्हणून तर ती घरोघरी पोचली, आणि मग असं सांगतात की चोर रिकाम्या हाताने शिरायचा, त्याच घरातली फुरोशिकी काढायचा आणि त्यातच सगळा माल बांधून पसार व्हायचा.

नारा शहरातल्या शोसोइन भांडारात आठव्या शतकातली, सामान बांधायची अशी कापडं अजून जपून ठेवलीयेत. पुढे एदो काळात (1603 ते 1868) लोक सार्वजनिक स्नानगृहात जाताना कपडे ह्यात बांधून न्यायचे, व्यापारी तर अख्खं दुकानच पाठीवर घेऊन फिरायचे.

आणि नक्षी उगाच नसते हां. असानोहा ही भांगेच्या पानांवरून आलेली चांदणीसारखी नक्षी, ते झाड सरळ आणि भराभर वाढतं म्हणून बाळाच्या कपड्यांवर हीच. सेइगाइहा म्हणजे एकावर एक लाटा, शांत समुद्र, सुखाचे दिवस. बाणाच्या पिसांची यागासुरी नवरीला देत, कारण सुटलेला बाण परत येत नाही, मला हा अर्थ जरा कठोरच वाटतो, माहेरची वाट अशी कशी बंद करायची?

मला सगळ्यात आवडते ती देण्याची पद्धत. पाहुणा समोर बसून गाठ सोडतो, भेटवस्तू देतो आणि कापड घडी करून स्वतःबरोबर परत नेतो. म्हणजे एवढ्या विचाराने निवडलेली नक्षी समोरच्याला दिसते जेमतेम दोन-चार मिनिटं, तरीही लोक प्रसंग बघून निवडतात, लग्नाला क्रौंच नि कासव, दुःखाच्या प्रसंगी उदास रंग आणि गाठच नाही, नुसती घडी.

प्लॅस्टिकच्या पिशव्या आल्या आणि हे सगळं मागे पडलं. 2006 मध्ये तेव्हाच्या पर्यावरण मंत्री युरिको कोइके ह्यांनी जुन्या प्लॅस्टिक बाटल्यांच्या धाग्यापासून फुरोशिकी करून घेतली, तिच्यावर अठराव्या शतकातला चित्रकार इतो जाकुचू ह्याचं चित्र होतं. जुलै 2020 पासून तर तिथे दुकानात प्लॅस्टिक पिशवीला पैसे मोजावे लागतात, आणि कापडाची दोन-दोन टोकं बांधली की पिशवी तयार!