नॉच आणि वेग यांच्यामधला उशीर

[दृश्य: पहाट. माहुलीजवळचे सातारा रेल्वे स्थानक.]

पुणे ते मिरज या लोहमार्गावर कित्येक दशके डिझेल इंजिनांचेच राज्य होते. अलीकडे रुळांवर तारा आल्या, विजेची इंजिने धावू लागली आणि गाडी फलाटावर येण्याआधीच पायांखालच्या फरशीला जाणवणारी ती धडधड दुर्मीळ झाली. सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांतील आम्ही काही रेल्वेवेडे सध्या ओपन रेल्स या मोफत सिम्युलेटरसाठी, म्हणजे संगणकावर रेल्वेगाडी चालविण्याच्या आभासी खेळासाठी, डब्ल्यूडीएम-2 या इंजिनाचे अ‍ॅड-ऑन (त्यात वरून जोडता येणारा भाग) तयार करीत आहोत. या नावातील डब्ल्यू म्हणजे ब्रॉडगेज, डी म्हणजे डिझेल आणि एम म्हणजे प्रवासी व माल अशा दोन्ही गाड्या ओढणारे. अमेरिकेतील अ‍ॅल्को कंपनीच्या आराखड्यावर बेतलेली ही इंजिने वाराणसीच्या कारखान्यात 1964 पासून बनू लागली.

इंजिनाचे रूप हे या कामातील सर्वांत देखणे आणि, खरे सांगायचे तर, सर्वांत सोपे अंग आहे. छायाचित्रे जमवावीत, मापे घ्यावीत, ब्लेंडर या त्रिमितीय आकृत्या बनविण्याच्या संगणक-प्रणालीत सांगाडा उभारावा आणि त्यावर रंग, गंज व तेलाचे डाग चढवावेत, हे चिकाटीने कोणालाही जमते. मात्र अनेक देखणी इंजिने रुळावर येताच मोटारीसारखी पळतात, कारण त्यांच्या मागची आकड्यांची फाइल दुसऱ्याच एखाद्या इंजिनावरून उचललेली असते.

[दृश्य: संगणकाच्या पडद्यावर आकड्यांच्या रांगा.]

डिझेल-इलेक्ट्रिक इंजिनात डिझेल यंत्र चाकांना थेट फिरवीत नाही. ते जनित्र फिरवते, जनित्रातील वीज सहा आसांवरील सहा मोटरींना मिळते आणि त्या मोटरी चाके फिरवतात. चालकाच्या हातात आठ नॉच, म्हणजे शक्ती कमी-जास्त करणाऱ्या दांड्याचे आठ टप्पे, असतात. नॉच वाढविला की सोळा सिलिंडरच्या यंत्राची आवर्तने मिनिटाला 400 पासून टप्प्याटप्प्याने 1000 पर्यंत चढतात. पण ती चढायला वेळ लागतो, यंत्रात जास्तीची हवा दाबून भरणाऱ्या टर्बोचार्जरला ती हवा पुरवायला त्याहून थोडा अधिक वेळ लागतो, आणि तेवढ्या अवधीत जास्तीचे इंधन अर्धवट जळून छतावरून काळा धूर निघतो. हा उशीर म्हणजेच या इंजिनाचा स्वभाव आहे. म्हणून प्रत्येक नॉचची आवर्तने, त्या आवर्तनांना मिळणारी शक्ती आणि आवर्तने वाढण्याचा दर हे सारे आकडे आम्ही स्वतंत्रपणे भरतो, आणि धुराचा पडदाही त्याच गणिताला बांधून ठेवतो.

त्यानंतर येते ओढ. या इंजिनाची शक्ती 2600 अश्वशक्ती, म्हणजे सुमारे 1940 किलोवॅट. तिचा चार-पंचमांश भाग रुळापर्यंत पोचतो असे धरले, तर ताशी 20 किलोमीटर वेगाला साधारण 28 टन ओढ मिळते, 40 ला ती 14 टनांवर येते आणि 80 ला अवघी 7 टन उरते. शक्ती तीच असल्यामुळे वेग दुप्पट झाला की ओढ निम्मी होते. आता इंजिनासह 1000 टनांची गाडी शंभरास एक (शंभर मीटर अंतरात एक मीटर उंची) चढावर आहे असे समजू. केवळ चढासाठी 10 टन ओढ लागते. त्यात चाकांचे घर्षण आणि हवेचा विरोध मिळवला की गाडी ताशी पंचेचाळीस किलोमीटरच्या आसपास स्थिरावते, मग चालकाने आठव्या नॉचवर कितीही वेळ हात दाबून धरला तरी काही फरक पडत नाही. सालपे स्थानकापासून आदर्कीमार्गे वाठारकडे चढणारा घाट ज्यांनी खिडकीत बसून अनुभवला आहे, त्यांना हा रेंगाळलेला वेग वेगळा समजावून सांगावा लागणार नाही.

चाकांची पकड हा आणखी एक गुंता आहे. कोरड्या रुळावर, गाडी उभी असताना, वेगानुसार पकड किती ते सांगणाऱ्या कर्टियस-निफ्लर सूत्रानुसार पकडीचा गुणांक 0.33 च्या जवळ येतो. इंजिनाचे वजन 112.8 टन असल्याने सुरुवातीची सुमारे 30 टन ओढ त्यात सहज सामावते. पावसात हीच पकड दोन-तृतीयांशावर आली, तर 25 टनांच्या पुढे चाके जागीच फिरू लागतात. आमच्या पहिल्या आवृत्तीत चाके कधी घसरतच नसत, आणि ऐन श्रावणातही गाडी निर्धास्त सुटत असे. ती चूक आमचीच होती, कारण पकडीचे आकडे आम्ही भरलेच नव्हते.

[दृश्य: उसाची शेते, त्यांपलीकडून जाणारा रूळ.]

आवाजाने आम्हाला सर्वांत जास्त दमवले. प्रत्येक नॉचचा आवाज वेगळा हवा, स्थिर हवा आणि जोड न कळता पुन्हा पुन्हा वाजवता यायला हवा. किर्लोस्करवाडी ते भिलवडी या पट्ट्यात आम्ही ध्वनिमुद्रणासाठी बसलो तो हंगाम ऊसतोडीचा होता. त्यामुळे इंजिनाच्या धडधडीबरोबर ट्रॅक्टरवरच्या कर्ण्यांतील गाणीही बिनचूक नोंदली गेली. अखेर निम्मे आवाज स्थानकात उभ्या असलेल्या गाडीचे घ्यावे लागले. उभे इंजिन मात्र एकच सूर ऐकवते. भाराखालचा, दम लागल्यासारखा आवाज ते देत नाही.

ब्रेकचे काम अद्याप बाकी आहे. गाडीभर जाणाऱ्या ब्रेकच्या मुख्य नळीत हवेचा प्रति चौरस सेंटिमीटर 5 किलो दाब असतो, आणि तो कमी केला की ब्रेक लागतात. पण दाबातील ही घट डब्याडब्याने मागे सरकते, त्यामुळे लांब गाडीत शेवटच्या डब्याला ब्रेक लागण्याआधी पुढचे डबे रोखले गेलेले असतात आणि मागचे त्यांच्यावर रेलतात. हा धक्का किती आणि केव्हा बसावा, हे ठरविणारे आकडे आम्ही रोज थोडे थोडे बदलून पाहत आहोत. काल रात्रीच्या चाचणीत गाडी कराडच्या फलाटावर दीड डबा पुढे जाऊन थांबली.