कमरेचा घेर आणि श्वासाची जागा

मंडळी, विषय 'वजन आणि विषाणू' असा जाहीर झालाय. त्याकडे येतोच, पण आधी ही शिंप्याची टेप पाहा. गेली कित्येक वर्षं ती माझ्या ॲप्रनच्या खिशात असते. तिच्याविषयी बोलायला मिळावं म्हणूनच मी आमंत्रण स्वीकारलं.

२००९ आठवा. ऑगस्टमध्ये स्वाइन फ्लूने देशातला पहिला बळी आपल्या पुण्यात घेतला. शाळा बंद, थिएटरं बंद, जो तो तोंडाला रुमाल बांधून. मी तेव्हा एका मोठ्या रुग्णालयात वॉर्ड सांभाळत होतो. केसपेपरवर ताप, खोकला, प्रवास, सगळे रकाने भरलेले, वजनाचा कोरा. भरलाच तर 'अंदाजे ८०'. उंची तर कोणी मोजतच नसे. विचारलं तर उत्तर यायचं, "सर, पेशंट स्ट्रेचरवर आलाय, काट्यावर कसा उभा करू?" खरंच होतं ते. पण आडव्या माणसाच्या कमरेभोवती टेप जाते ना! त्या कोऱ्या रकान्यांचं मला आजही वाईट वाटतं. त्याच साथीत कॅलिफोर्नियातल्या डॉक्टरांनी नोंदी ठेवल्या, आणि दाखल झालेल्या प्रौढांत सुमारे निम्मे लठ्ठ निघाले. दुसरा कुठलाच जुना आजार नसलेलेही त्यांत होते.

तुम्ही म्हणाल, आपल्याकडे एवढे जाडे आहेत कुठे? तर २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात एक फोटो छापून आला. शेजारी शेजारी दोन डॉक्टर, आपल्या पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, तंतोतंत २२.३. काट्याच्या लेखी जुळे भाऊच! चरबी मोजली, तर युडकिन ९.१ टक्के आणि याज्ञिक २१.२. हातपाय बारीक आणि चरबी पोटात, ही आपली ठेवण. म्हणून आपल्याकडे लठ्ठपणा बीएमआय ३० ऐवजी २५ पासून धरतात, आणि कमरेची मर्यादा पुरुषांना ९० सेंटिमीटर, बायकांना ८०. आपल्या कमरेचा घेर कोणाला माहीत आहे? हात वर करा. पँटचा नंबर सांगू नका, ती आपण पोटाच्या खाली नेसतो!

अध्यक्षांची चिठ्ठी आली, पाच मिनिटं उरली. भराभर सांगतो.

पोटातली चरबी श्वासपटल वर ढकलते, उताणं झोपल्यावर तर जास्तच. फुप्फुसांचे तळ नीट फुगत नाहीत. त्यात न्यूमोनिया झाला की हाताशी राखीव जागाच नसते. कोविडमध्ये पेशंटला पालथं झोपवत होतो, ते पाठीकडचं फुप्फुस मोकळं व्हावं म्हणून. दुसरं, ही चरबी नुसती पडून नसते. आयएल-६ सारखी दाहक रसायनं ती सतत सोडते, म्हणजे विषाणू यायच्या आधीच अंगात धग. उलट विषाणूला पहिल्या दिवशी अडवणारं शरीराचं प्रथिन, इंटरफेरॉन, कमी पडतं. निकाराग्वात पाहिलं, तर लक्षणं असलेल्या लठ्ठ प्रौढांच्या अंगातून फ्लूचा ए विषाणू ४२ टक्के जास्त काळ बाहेर पडत होता. रक्ताच्या गाठींचा धोका वाढतो, तो वेगळाच. म्हणून लठ्ठ माणसांनी फ्लूची लस दरवर्षी घ्यावी.

आणि तापाने फणफणलेल्या जाड माणसाला कृपा करून 'आधी वजन उतरवा' म्हणू नका. ते आठवड्यात होत नाही, आणि तो लाजून दवाखान्यात यायचा थांबतो. त्याच्या बोटाला ऑक्सिमीटर लावा. ऑक्सिजन ९४ टक्क्यांच्या खाली दिसलं तर रात्र काढू नका, त्याला घेऊन निघा.

टेप टेबलावर ठेवतो. श्वास सोडून, पोट आत न ओढता मोजा. बायकांसाठी मागच्या खोलीत दुसरी ठेवली आहे.