पुरात तगलेलं धान

मंडळी, धानपट्ट्यात येऊन धानावर बोलायचं म्हणजे जपून बोलावं लागतं. रोवणी, पऱ्हे, बांधी हे तुमचं रोजचं जगणं आहे. म्हणून सुरुवात इथल्याच एका शेतकऱ्यापासून करतो.

चंद्रपूर जिल्ह्यातल्या नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावचे दादाजी खोब्रागडे तुम्हा सर्वांना ठाऊक आहेत. १९८३ साली त्यांच्या शेतात ‘पटेल ३’ हे धान होतं. उभ्या पिकात त्यांना तीन लोंब्या वेगळ्या दिसल्या. त्यांनी त्या बाजूला काढल्या, बी जपलं, पुढच्या हंगामात निराळं लावलं, पुन्हा निवडलं. त्यातून ‘एचएमटी’ हे वाण उभं राहिलं. दादाजींच्या नजरेला आणि चिकाटीला माझा नमस्कार आहेच. पण निवडायला समोर काहीतरी वेगळं असावं लागतं. शेतातलं प्रत्येक झाड हुबेहूब सारखं असतं, तर त्या नजरेला सापडलं काय असतं?

हे वेगळेपण म्हणजेच जनुकीय विविधता. पीक सुधारणारा संशोधक कितीही हुशार असो, त्याचं सगळं भांडवल हेच.

आता ओडिशाकडे चला. तिथे ढालपुटिया नावाचं देशी धान होतं. त्यातून निवडलेल्या वाणाला ‘एफआर १३ ए’ असं नाव पडलं. उत्पन्न बेताचं, दाणा सुमार. बाजारात कुणी विचारणार नाही असं. मात्र पुराखाली गेलं तरी ते मरत नव्हतं.

पाण्याखाली गेलेलं साधारण धान काय करतं, ते तुम्ही पाहिलं असेल. ते वर यायची धडपड करतं. पानं, खोड भराभर लांबवतं आणि त्यात साठवलेलं सगळं पिष्ट खर्च करून बसतं. पाणी ओसरलं की ते लुळं पडून सडतं. ‘एफआर १३ ए’ मात्र वाढ थांबवतं. शिल्लक राखतं आणि पाणी उतरल्यावर नवी पानं काढतं. दोन आठवड्यांच्या आसपास बुडूनही ते सावरतं.

हा गुण चांगल्या वाणात आणण्याचे प्रयत्न बरीच वर्षं चालले. संकर केला की पूर सोसण्याचा गुण यायचा, पण त्याच्यासोबत जुन्या वाणाचे सगळे दोषही यायचे. १९९६ साली नवव्या गुणसूत्रावर हा गुण जिथे बसलाय त्या ‘सब १’ या जागेचा माग लागला आणि २००६ साली नेमकं जनुक, म्हणजे तो गुण देणारा डीएनएचा तुकडा, हाती आलं. मग काम सोपं झालं. आंध्रातल्या मारुतेरूचं ‘स्वर्णा’ हे वाण घेतलं, हे जनुक असलेल्या धानाशी त्याचा संकर करून पिढ्यानपिढ्या पुन्हा स्वर्णाशीच जोडत गेले आणि रोपाच्या पानातला डीएनए तपासून ज्यात तेवढाच तुकडा आलाय ती रोपं ठेवली. २००९ साली ‘स्वर्णा-सब १’ भारतात प्रसारित झालं. पूर नसेल त्या वर्षी ते स्वर्णाइतकंच पिकतं. २०२० च्या ऑगस्टात वैनगंगेच्या पुराने काय केलं ते तुम्ही भोगलंय, त्यामुळे या गुणाची किंमत मी वेगळी सांगत नाही.

विचार करा, ढालपुटिया लावणाऱ्यांनी ‘उत्पन्न कमी’ म्हणून ते टाकून दिलं असतं तर? हे जनुक प्रयोगशाळेत बसून कुणाला सुचलं नसतं.

दुसरं उदाहरण घ्या. १९७० च्या दशकात तपकिरी तुडतुड्यांनी पसरवलेल्या ग्रासी स्टंट या विषाणूने आशियातलं धान झोपवलं. फिलिपिन्समधल्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने हजारो नमुने तपासले. प्रतिकारशक्ती निघाली ती उत्तर प्रदेशातून गोळा केलेल्या ‘ओरायझा निवारा’ या रानधानाच्या एका नमुन्यात. या संस्थेतले गुरदेव खुश यांनी ती लागवडीच्या वाणांत आणली. त्यातलंच ‘आयआर ३६’ पुढे १ कोटी १० लाख हेक्टरवर पसरलं. एका रानटी गवताने हे केलं! पण असं एखादं वाण लोकप्रिय झालं की तेच सगळीकडे लागतं आणि शेजारची पन्नास वाणं निघून जातात, हेही खरं आहे. यश मिळालं की पुढच्या यशाचा कच्चा माल आटतो.

आपल्या शेजारी छत्तीसगडात डॉ. आर. एच. रिछारिया यांनी गावोगाव हिंडून देशी धानाचे हजारो नमुने जमवले. रायपूरच्या कृषी विश्वविद्यालयाकडे तो ठेवा आजही आहे. तो हवाच. मात्र शीतगृहातलं बी तिथेच थांबतं. बांधीत लावलेलं बी दरवर्षी नवा पाऊस, नवी कीड सोसत बदलत राहतं.

म्हणून माझी विनंती अशी. घरी जुनं धान असेल तर एक कोपरा त्याच्यासाठी राखा. बी धरताना एकाच सुंदर लोंबीचं धरू नका, कारण देशी वाण हे थोड्या थोड्या वेगळ्या अनेक झाडांचं मिश्रण असतं. निरोगी अशा पुष्कळ झाडांच्या लोंब्या घ्या, शेताच्या वेगवेगळ्या भागातून. डब्यावर वाणाचं नाव, साल आणि गाव लिहा. त्याच्या खास गुणांची नोंद ठेवा: कुठल्या पाण्यात टिकलं, कुठल्या किडीला दबलं नाही. २००१ च्या पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायद्याने शेतकऱ्याला आपलं वाण स्वतःच्या नावावर नोंदवता येतं. ज्यांना ते करायचंय त्यांनी व्याख्यान संपल्यावर थांबावं, अर्जात काय काय भरायचं ते आपण बसून पाहू.