‘कॉन’ नावाचा फोल्डर

नमस्कार. विषयाला हात घालण्याआधी वर्गात घडलेली एक गोष्ट सांगते.

मी ज्येष्ठ नागरिकांना कॉम्प्युटर शिकवते. एका निवृत्त शिक्षिकेने आदल्या दिवशी आयुष्यात पहिल्यांदा मराठीत पत्र टाइप केलं होतं आणि त्या फार खुशीत होत्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी पासवर्ड टाकला, तर चुकला. परत टाकला, परत चुकला. चौथ्या वेळेला हात मांडीवर ठेवून त्या म्हणाल्या, “मॅडम, आता आमची डोकी चालायची नाहीत हो.” मी जवळ जाऊन पाहिलं. कीबोर्ड कालपासून मराठीवरच होता. बाईंची बोटं अगदी बरोबर बटणांवर पडत होती, पण आत देवनागरी अक्षरं जात होती आणि पडद्यावर दिसत होते नुसते काळे ठिपके. भाषा कोणती चालू आहे, हे सांगणारी तीन बारीक अक्षरं पार खालच्या कोपऱ्यात होती.

बाईंचं डोकं उत्तम चालत होतं. त्यांनी स्वतःला दिलेला तो दोष मला अजून बोचतो, आणि आजचं बोलणं त्यासाठीच आहे. डेस्कटॉप कॉम्प्युटरमध्ये अशा कितीतरी खोडी तीस-चाळीस वर्षं तशाच आहेत, आणि प्रत्येक नवशिक्या माणसाला वाटतं की आपलंच चुकलं.

तुमच्यापैकी काहींना एक ईमेल आठवत असेल. विंडोजमध्ये सी, ओ, एन अशी तीन अक्षरं घेऊन ‘कॉन’ नावाचा फोल्डर करता येत नाही, हे एका भारतीयाने शोधून काढलं आणि मायक्रोसॉफ्टच्या अख्ख्या टीमला त्याचं कारण सांगता आलं नाही, असा मजकूर देशभर फिरत होता. फोल्डर होत नाही हे खरं. कारण माहीत नाही हे मात्र साफ खोटं. कारण पक्कं माहीत आहे, आणि मला ते फार शिकवून जातं.

१९७०च्या दशकात कॉम्प्युटर चालवणारी सीपी/एम नावाची प्रणाली होती. तिच्यात कीबोर्ड आणि पडदा मिळून जे कन्सोल होतं, त्याचं नाव ‘कॉन’. १९८१ मध्ये डॉस, म्हणजे विंडोजच्या आधीची मायक्रोसॉफ्टची प्रणाली आली, तिने उपकरणांना अशी नावं द्यायची ही पद्धत उचलली. प्रिंटरला ‘पीआरएन’, आणि नको असलेला मजकूर सोडून द्यायला ‘नल’. पहिल्या डॉसमध्ये फोल्डर हा प्रकारच नव्हता, फ्लॉपीवर सगळ्या फाइली एकाच यादीत असायच्या. दोन-चार नावं राखून ठेवल्याने कुणाचं काही अडत नव्हतं. मग १९८३ मध्ये दुसऱ्या आवृत्तीत फोल्डर आले आणि पेच पडला. जुने प्रोग्राम नुसतं ‘पीआरएन’ लिहून छपाई करत होते, मग तुम्ही कुठल्या का फोल्डरात असेना. ते बंद पडू नयेत म्हणून ठरलं की ही नावं प्रत्येक फोल्डरात आहेतच असं धरायचं. त्या दिवसापुरता तो निर्णय शहाणपणाचा होता. पण तो विंडोजमध्येही तसाच आला. आज एखादा कारकून काँट्रॅक्टची कागदपत्रं ठेवायला ‘कॉन’ फोल्डर करू बघतो, तेव्हा त्याला उत्तर येतं की उपकरणाचं नाव चुकीचं आहे. तो फोल्डर करतोय, आणि उत्तर मिळतंय उपकरणाचं! त्याने यातून काय समजायचं?

जुन्या प्रोग्रामांशी असलेलं हे इमान मला पटतं. एखाद्या कारखान्यात वीस वर्षं चालू असलेलं काम एका अपडेटने बंद पडलं तर त्या लोकांनी कुणाकडे जायचं? म्हणून ‘कॉन’ मी सोडून देते. ज्या खोडींमागे असं कारण नाही, त्यांच्याबद्दल मात्र मला राग आहे.

त्यातली सगळ्यात वाईट म्हणजे फाइलीच्या नावाचं शेपूट लपवणं. टिंबानंतरची अक्षरं, ज्याला आपण एक्स्टेन्शन म्हणतो, ती विंडोज ९५ पासून मूळ सेटिंगमध्ये दिसत नाहीत. हेतू असा की सामान्य माणसाला तांत्रिक तपशिलाचा त्रास नको. मग ४ मे २००० उजाडला. फिलिपाइन्समधून निघालेली एक ईमेल जगभर पसरली, विषय ‘आय लव्ह यू’. सोबतच्या फाइलीचं नाव लव्ह लेटर फॉर यू, पुढे टिंब टीएक्सटी, आणि त्याच्याही पुढे टिंब व्हीबीएस. शेवटचा तुकडा लपलेला, त्यामुळे लोकांना दिसली टीएक्सटी, म्हणजे साधी मजकुराची फाइल. उघडली की आतला प्रोग्राम सुरू, फोटोंच्या फाइली पुसून त्यांच्या जागी स्वतःची प्रत ठेवायची आणि अॅड्रेस बुकातल्या सगळ्यांना तीच ईमेल पाठवायची. माणसाने फाइल उघडायच्या आधी ती काय आहे हे पाहिलंच होतं. पण दाखवणाऱ्याने अर्धंच दाखवलं. आणि इतकं होऊनही विंडोज ११ मध्ये ते शेपूट अजून लपलेलंच असतं.

अॅपलच्या मॅकिंटॉश कॉम्प्युटरमध्येही असंच एक होतं. फ्लॉपी बाहेर काढायची तर ती कचऱ्याच्या डब्यात ओढायची. लोकांना वाटायचं, सगळं पुसलं जाईल. पुढे डिस्क ओढताना त्या डब्याचं चित्र बदलून बाहेर काढण्याची खूण दिसू लागली. एक चित्र बदललं आणि भीती गेली. कुठलाही जुना प्रोग्राम त्यामुळे बंद पडला नाही.

कट-कॉपी-पेस्टचंही तसंच. लॅरी टेस्लर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी झेरॉक्सच्या पार्क प्रयोगशाळेत ती रीत घडवली, आणि त्यांचे उपकार आपण रोज घेतो. पण कट किंवा कॉपी केलेलं जिथे तात्पुरतं राहतं, त्या क्लिपबोर्डवर एकाच वेळी एकच गोष्ट राहायची. परिच्छेद कट केला, पेस्ट करायच्या आधी चुकून एक शब्द कॉपी केला, की परिच्छेद तिथून गेला. विंडोजने २०१८ मध्ये आधीच्या कॉपी जपून ठेवायची सोय दिली, पण ती आपण होऊन चालू करावी लागते. विंडोजचं बटण आणि व्ही एकदम दाबा, ती चालू करायची का असं विचारेल. वर्गात हे दाखवलं की लोक वही काढून लिहून घेतात.

आता पडद्याकडे बघा. मी एक फोल्डर उघडते. वर ‘व्ह्यू’, त्यात ‘शो’, आणि त्यात ‘फाइल नेम एक्स्टेन्शन्स’. त्यावर टिचकी मारते. बघा, प्रत्येक नावाला शेपूट आलं. मागच्या रांगेत दिसतंय का? नाहीतर अक्षरं मोठी करते.