आगीच्या पोटातलं रबर

श्रोतेहो, नमस्कार.

श्रीहरिकोट्याहून इस्रोचा पीएसएलव्ही हा उपग्रह सोडणारा रॉकेट झेपावतो, तेव्हा त्याच्या पहिल्या टप्प्यात सुमारे 139 टन घन इंधन असतं. त्यातला साधारण 85 टक्के भाग म्हणजे भुकटी: ऑक्सिजन पुरवणारं अमोनियम पर्क्लोरेट आणि ॲल्युमिनियम. उरलेला भाग प्रामुख्याने एका पॉलिमरचा, म्हणजे लांब साखळ्यांच्या रेणूंनी बनलेल्या रबरासारख्या पदार्थाचा: एचटीपीबीचा. या धंद्यात त्याला बाइंडर, म्हणजे भुकटी बांधून ठेवणारा, म्हणतात. मला आज बोलायचंय ते त्याच्याबद्दल, कारण रॉकेटचं भवितव्य बरंचसं या थोड्याशा रबरावर अवलंबून असतं.

रबरच का? 1942 साली कॅलिफोर्नियात जॅक पार्सन्सने डांबरात पर्क्लोरेट मिसळून इंधन बनवलं. ते पेटायचं उत्तम. पण उन्हाळ्यात डांबर मऊ पडे आणि कडाक्याच्या थंडीत त्याला तडे जात. आता घन इंधन जळतं ते फक्त उघड्या पृष्ठभागावर. तडा गेला की आग त्या फटीत शिरते, जळणारा पृष्ठभाग एकदम वाढतो, आतला दाब चढतो आणि मोटारीच्या, म्हणजे इंधन भरलेल्या रॉकेटच्या नळकांड्याच्या, चिंधड्या उडतात. म्हणून इंधन खोडरबरासारखं हवं: दाबलं तर दबणारं, ताणलं तर न तुटता परतणारं.

एचटीपीबी मुळात मधासारखा वाहणारा द्रव नसता, तर एवढी भुकटी त्यात कालवताच आली नसती. सगळं एकजीव झालं की आयसोसायनेट हे घट्ट करणारं रसायन घालतात. पॉलिमरच्या साखळ्यांच्या टोकांना असलेले हायड्रॉक्सिल गट त्याच्याशी जोडले जातात आणि साखळ्यांचं जाळं विणलं जातं. तिथून पुढे घड्याळाशी शर्यत! मिश्रण घट्ट होण्याआधी, निर्वात अवस्थेत, ते मोटारीच्या कवचात ओतायचं असतं. मग मंद उष्णतेवर काही दिवस ठेवून ते पक्कं करतात. यात ओलावा हा मोठा वैरी. आयसोसायनेटला पाणी भेटलं की कार्बन डायऑक्साइड सुटतो आणि इंधनात बुडबुडे अडकतात. बुडबुडा म्हणजे पुन्हा वाढीव पृष्ठभाग. म्हणूनच तयार खंड क्ष-किरणांखाली तपासले जातात.

ही विद्या आपल्याला कुणी आयती दिली नाही. पुण्यात जन्मलेले डॉ. वसंत गोवारीकर तिरुवनंतपुरमला गेले आणि घन इंधनाच्या कामाचा पाया घालणाऱ्यांमध्ये अग्रभागी राहिले. 1979 ते 1985 ते विक्रम साराभाई अंतराळ केंद्राचे संचालक होते. तिथल्या रसायनशास्त्रज्ञांनी एरंडेल तेलापासूनही बाइंडर बनवून पाहिला होता. शेवटी मोठ्या मोटारींसाठी एचटीपीबी ठरला आणि तो देशातच तयार होऊ लागला. गोवारीकरांचं नाव आपल्याकडे मान्सूनच्या अंदाजासाठी घेतलं जातं, ते योग्यच आहे. पण माझ्या मते त्यांचं इंधनातलं काम त्याहून कमी मोलाचं नाही.

आजही इस्रोच्या एलव्हीएम-3 या रॉकेटच्या दोन्ही बाजूंच्या बूस्टरांत, म्हणजे जोड-रॉकेटांत, प्रत्येकी 200 टनांहून अधिक इंधन हेच रबर धरून ठेवतं, आणि शेवटी स्वतःही इंधन म्हणून जळून जातं.